खड्ड्यातलं फिनेल

बंगळुरूजवळ येलहंक्यातल्या आमच्या सोसायटीचा खतखड्डा सांभाळणाऱ्या अक्का रोज मूठभर कुजका पाला नाकाशी नेतात, आमटी जमली का बघावं तशा. आम्ही आयटीवाले लांबूनच नाक दाबतो. एकदा वास सहन होईना म्हणून मी गुपचूप खड्ड्यात बाटलीभर फिनेल ओतलं. सकाळी अक्कांनी येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात हुंगले आणि माझ्यापाशी थांबल्या. मेलेली गांडुळं दाखवत म्हणाल्या, "तुमचं पोट बिघडलं की फिनेल पिता का, सार?"

मग शेण, सुका पाला घालून त्यांनी खड्डा पुन्हा जिवंत केला. काही महिन्यांनी काळंभोर खत माझ्या तळहातावर ठेवलं. मातीसारखा छान वास होता. मी तसं म्हणालो. अक्का खुलल्या, आणि तेवढ्यात माझा दुसरा हात ओढून हुंगून घेतला.