सुषमाच्या आवाजात

सुषमाच्या नवऱ्याचा, राजनचा फोन आला तेव्हा मी डबे भरत होते. "ताई, सुषमा गेली," एवढंच तो म्हणाला. आणि त्याच्या मागून सुषमाचाच आवाज आला... "पानी दे." स्वच्छ, रोजचा, जरासा घाईचा. क्षणभर वाटलं, या माणसाला कोणीतरी चुकीचं सांगितलंय, बाई तर घरातच आहे. मग लक्षात आलं. कस्तुरीला तहान लागली होती.

डेंग्यूच्या तापाने सुषमाला बघता बघता नेलं. त्याला आता काही आठवडे झाले. कस्तुरी ही तिची मुलगी, अकरा वर्षांची, स्वमग्न. तोंडाने बोलत नाही. माझी सानिकाही स्वमग्न, त्यामुळे आमची ओळख झाली ती वसईतल्या थेरपी सेंटरच्या बाकावर. आत मुली झोक्यावर तोल सांभाळायला शिकायच्या आणि बाहेर आम्ही दोघी चपला राखत बसायचो. मी मुंबईहून फ्लॅट घेऊन इथे आलेली, ती खाडीकाठच्या शेतीवाडीच्या घरातली सून. पहिल्याच दिवशी कस्तुरीने माझी ओढणी नाकाशी धरून हुंगली. मी दचकले तर सुषमा म्हणाली, "हुंगू दे. ती असंच नाव विचारते."

तिच्या घरी मी किती गोष्टी शिकले! मिक्सर लावायच्या आधी ती कस्तुरीला मिक्सरचं चित्र दाखवायची, मगच बटण दाबायची. कोणाच्या लग्नाला जायचं असेल तर आदल्या दिवशी मुलीला रिकामा हॉल दाखवून आणायची. अंगावर वजन असलं की कस्तुरीला शांत झोप लागते हे कळल्यावर तिने गोधडीच्या चौकोनाचौकोनात चिंचोके भरले. आणि मग तो टॅब आला. चित्रावर बोट ठेवलं की तो शब्द बोलायचा. स्पीच थेरपीच्या मॅडमनी सुचवलेला. पण त्यातला मशीनचा आवाज ऐकला की कस्तुरी कान झाकून घ्यायची. मग सुषमाने गाद्यांच्या खोलीत दार लावून एकेक शब्द स्वतःच्या आवाजात भरला. मॅडम म्हणाल्या, "पाणी म्हणा, पानी नको." सुषमा हसली. "मॅडम, आमच्याकडे पानीच मागतात. घरातली पोर घरातल्यासारखीच बोलेल ना?" 'नको' मात्र तिने असा ठणकावून भरला की मी चपापले. "तिला नको म्हणता यायलाच हवं," ती म्हणाली. "ऐकणाऱ्याने थांबलं पाहिजे."

हळूहळू कस्तुरी बोलू लागली, आईच्या आवाजात. पलीकडच्या खोलीतून "भूक" ऐकू आलं की आई बोलतेय की मुलगी, हे मला कधीच ओळखता आलं नाही. आम्हाला तेव्हा त्याची गंमत वाटायची...

सुतकाच्या दिवसांत मी गेले तेव्हा पडवीत बायका बसल्या होत्या. हलक्या आवाजात बोलणं चाललं होतं. आतून सुषमाने विचारलं, "आई कुठे?" एकीने पदर तोंडाशी नेला. कस्तुरीने दोन चित्रं दाबली होती, आईचा फोटो आणि प्रश्नचिन्ह. पुन्हा तेच... "आई कुठे?" कस्तुरीची आजी, म्हणजे सुषमाच्या सासूबाई, उठल्या. "तिचा जीव घरातच फिरते," त्या राजनला म्हणाल्या. "बंद कर ते."

टॅब कपाटात गेला. कस्तुरी रडली नाही. ती कपाटापाशी जाऊन उभी राहिली, दाराला कान लावून. दुसऱ्या दिवशी राजनने सांगितलं, ती जेवत नाही, मनगट चावून रक्त काढलंय. मी मॅडमना घेऊन गेले. त्या राजनला सरळ म्हणाल्या, "मुलीची जीभ कपाटात ठेवलीत तुम्ही." उठल्या त्या आजी. त्यांनीच कपाट उघडलं, टॅब पदराने पुसला आणि नातीच्या हातात दिला.

पण प्रश्न थांबेना. मी कस्तुरीला जवळ घेऊन म्हटलं, "आई देवाघरी गेली, बाळा." तिने चपला घातल्या आणि देवळाच्या वाटेकडे तोंड करून दारात उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, "असं आडून नका सांगू. तिच्याकडे त्यासाठी शब्दच नाही. तो द्यायला हवा." तो शब्द भरायला राजनने टॅब तोंडाशी धरला. मग 'जमणार नाही' अशी मान हलवली. तेव्हा आजींनी टॅब ओढून घेतला, पाठ ताठ करून बसल्या आणि सावकाश बोलल्या, "आय वारली. आता येनार नाय."

एक नवं चित्र तयार झालं, नुसता काळा चौकोन. कस्तुरीने तो दाबून ऐकला, पुन्हा ऐकला. मग तिने सुरू केलं ते अजून माझ्या कानातून जात नाही. आधी सुषमाचा आवाज, "आई कुठे?" लगेच सासूबाईंचा, "आय वारली. आता येनार नाय." पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. घरात कोणीच तोंड उघडलेलं नव्हतं आणि दोघी बोलत होत्या. गेलेली बाई आपल्याच आवाजात विचारत होती, आणि तिला तिच्याच मरणाची बातमी सांगितली जात होती. मी बाहेर जायला निघाले, तर मॅडमनी हात धरला. "थांबा. ती समजून घेतेय."

त्या दिवसानंतर कस्तुरी जेवू लागली. मनगटाची जखमही भरत आली.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी मी सानिकाला घेऊन गेले होते. आजी स्वयंपाकघरात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सुषमाने विचारलं, "आई कुठे?" या वेळी कस्तुरीने काळा चौकोन दाबला नाही. ती आजीच्या तोंडाकडे बघत राहिली. आजींनी वर न बघताच, घरातल्या कोणालाही द्यावं तसं उत्तर दिलं, "वारली गो बाय. येनार नाय आता." कस्तुरी ऐकून झाल्यासारखी उठली आणि सानिकापाशी जाऊन बसली.

आजींच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या माझ्याकडे वळल्या. "मी हे पोरीला सांगते, का सुनेला," त्या म्हणाल्या, "मना आता समजत नाय."