एमोकेची आठवी फायनल

मी टेनिस कोर्टाची माती सांभाळतो. चाळीस वर्षं होत आली. खेळाडूंची नावं लोकांच्या लक्षात राहतात. पाणी कोणी मारलं, रोलर कोणी फिरवला हे कोणी विचारत नाही. न विचारोत. पण हाल्मोश एमोकेची हकिगत मात्र मीच सांगायला हवी, कारण जे व्हायचं ते झालं तेव्हा डॅन्यूबकाठच्या अख्ख्या बॉया गावातून तिथे मी एकटाच होतो. बाकीची मंडळी चूल पेटवायला गेली होती. मला ते अजून डाचतं.

एमोके आमच्या बेटावरच्या क्लबात पहिल्यांदा आली तेव्हा सात वर्षांची होती. आई रोझालिया पोस्टात, बाप डॅन्यूबवर मालाच्या बोटीवर. घरी बघायला कोणी नाही, म्हणून शाळा सुटली की पोरीला आमच्या कुंपणाच्या आत सोडून द्यायचे. मी म्हणालो, "हा टेनिसचा क्लब आहे की पाळणाघर?" आणि रागारागाने तिच्या हातात झाडू दिला. पहिल्या दिवशी तिने चारही कोर्टांच्या रेषा झाडल्या. दुसऱ्या दिवशी कुणाची तरी तुटकी रॅकेट घेऊन भिंतीवर चेंडू मारायला लागली, ती पुढची चोवीस वर्षं थांबली नाही.

अठराव्या वर्षी ती व्यावसायिक खेळाडू झाली. शब्द भारदस्त आहे. प्रत्यक्षात जुनी गाडी, मागच्या सीटवर झोपायचं, मोजे हॉटेलच्या बेसिनमध्ये धुवायचे आणि रॅकेटची तार स्वतःच ओढायची. सोमवारी तुर्कस्तान, पुढच्या सोमवारी पोलंड. शनिवार-रविवारी जर्मनीतल्या कुठल्यातरी क्लबासाठी खेळून पेट्रोलपाणी सुटायचं. आई डब्यात लाल तिखट आणि वाळवलेलं सॉसेज भरून द्यायची. एमोकेच्या बॅगेला इतका वास यायचा, की प्रत्येक सीमेवरचे कुत्रे तिला ओळखायला लागले होते.

एकदा तिचा क्रमांक जगात एकशे अठ्ठ्याण्णववा आला. आमचा खाटीक लोरांत असा हरखला, की त्याने दुकानाच्या काचेवर रंगाने हा भला मोठा १९८ लिहिला. दिवसभर बायका डुकराचं मांस स्वस्त झालं म्हणून रांग लावून उभ्या. लोरांत खरं काय ते सांगायचा, तशा त्या चिडून निघून जायच्या. दुसऱ्या दिवशी त्याने आकडा पुसला. पुढच्या सोमवारी तसाही तो दोनशे चौदा झाला होता.

तिचं एकच दुखणं होतं. फायनल. एकतिसाव्या वर्षापर्यंत ती सात फायनल खेळली आणि सातही हरली. प्रत्येक फायनलला रोझालिया रजा टाकून हजर. सेमीफायनलपर्यंत समोरचीला धू धू धुवायची. फायनलला चार माणसं बघायला बसली, त्यात कोणी ओळखीचं दिसलं, की हिचा हात आखडलाच. दुसरी सर्व्हिस तर अशी जपून टाकायची, जसं कोणी काठोकाठ भरलेलं ताट खाली ठेवतंय. गावात तिला 'रुपेरी एमोके' म्हणायचे. दुसऱ्या क्रमांकाची सात तबकं घरी जमली होती आणि रोझालिया पाहुण्यांना त्यांतून शेवया वाढायची.

दोन हजार पाचच्या वसंतात ती गुडघ्याला पट्टी बांधून माझ्या खोपटात आली.

"डेझोकाका, या मोसमानंतर बस्स. शाळेत नोकरी धरलीय."

"बरं केलंस. हाडं तरी शाबूत राहतील."

"पण एक तरी स्पर्धा जिंकून थांबायचंय. एकच. कुठलीही चालेल. करंडक चॉकलेटचा दिला तरी घेईन."

मी रोलरला तेल घालत राहिलो. खरं सांगतो, मला तिच्यापेक्षा जास्त हवं होतं ते.

जुलैत आमच्याच क्लबात स्पर्धा भरली. अगदी खालच्या दर्जाची, पण मोजली जाणारी. एमोके खेळली आणि फायनलला पोचली. फायनल शनिवारी सकाळी अकराला, आणि तो शनिवार गावाच्या कालवणाचा. त्या दिवशी बॉयात प्रत्येक घर आपला हंडा घेऊन पुलापलीकडच्या चौकात येतं, संध्याकाळी सहाच्या ठोक्याला दोन हजार चुली एकदम पेटतात आणि मासे शिजायला लागतात, शेवयांवर ओतून खायला. समितीने हिशेब केला, सकाळी टेनिस, संध्याकाळी कालवण. हिशेब चोख होता. फक्त पावसाला कोणी विचारलं नव्हतं.

सकाळी नऊपासून जो कोसळला तो दोन वाजता थांबला. मी स्पंज घेऊन गुडघ्यांवर रांगत कोर्ट टिपलं. साडेतीनला सामना सुरू झाला. समोर राड्का नावाची एकोणीस वर्षांची स्लोव्हाक पोरगी, पाय हरणाचे. पहिला सेट तिने सहा-तीनने घेतला. दुसरा एमोकेने कसाबसा सात-पाच खेचला. आता तिसरा, शेवटचा. मी घड्याळ पाहिलं, साडेपाचला पाच कमी. आणि माझ्या डोळ्यांदेखत बाकं रिकामी व्हायला लागली.

"ए, बसा खाली!" मी ओरडलो. "शेवटचा सेट आहे!"

"काका, कांदा कोण चिरणार, तुम्ही?" लोरांतने विचारलं.

"अरे, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"दुसरा नंबर कुठे पळून जात नाही तिचा. पण सहाचा ठोका थांबतो का?"

क्लबाचे अध्यक्ष उठले, मग खजिनदार, मग दोन्ही रांगा. आणि मग रोझालिया उठली. मी दारात आडवा झालो.

"रोझालिया, तूसुद्धा?"

"मासे खराब होतील," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही, कोर्टाकडेही नाही. टोपली उचलून पुलाकडे चालायला लागली.

एमोके खुर्चीत बसून पाणी पीत होती. तिने आईला जाताना पाहिलं. माझं डोकं असं तापलं, की मी हातातली झाडणी जमिनीवर आपटली. पंचाने मला ताकीद दिली. कोर्ट झाडणाऱ्याला ताकीद मिळालेली ती जगातली पहिलीच वेळ असेल.

तिसऱ्या सेटचे पहिले तीन गेम गेले. शून्य-तीन. बाजू बदलताना मी रेषा झाडायला आत गेलो.

"काका, सगळे गेले?"

"गेले. जाऊ देत मेले."

"आई?"

"गेली."

ती रिकाम्या बाकांकडे बघत राहिली. आता रडते की काय, असं मला वाटलं. पण ती फिसकन हसली.

"मग हा तर सरावच झाला की हो."

आणि तिने चेंडू मारायला सुरुवात केली. मला तो खेळ माहीत होता. मंगळवारी सकाळी, कोणी नसताना, माझ्या चार नंबरच्या कोर्टावर ती तसाच खेळायची. खांदा सैल, पाय मोकळे, मधूनच स्वतःशी पुटपुटणं. तीन-तीन झाले. चार-चार झाले. नदीपलीकडे सहाचे ठोके पडले, मोठा गलका उठला आणि धुराचा ढग पाण्यावरून आमच्याकडे सरकला. कुंपणापाशी उभा असलेला राड्काचा बाप खोकायला लागला. एमोकेने नाक वर करून वास घेतला आणि दुसरी सर्व्हिस अशी ठोकली, की राड्काला ती दिसलीच नाही. पाच-चार. शेवटचा गुण बॅकहँडने, सरळ रेषेलगत. राड्का मातीत उमटलेल्या चेंडूच्या खुणेपाशी वाकली, बघितलं आणि हात मिळवायला जाळीकडे आली.

सहा-चार. जिंकली. मी टाळ्या वाजवल्या. दोनच हात होते, पण जोरात वाजवले.

करंडक मात्र कपाटात कुलूपबंद आणि किल्ली अध्यक्षांच्या खिशात, चौकात. तेव्हा विजेती घामाने भिजलेली, रिकाम्या हातांनी, माझ्याबरोबर पूल ओलांडून निघाली.

चौकात शिरलो आणि लोकांनी तिचा चेहरा, माझा चेहरा आणि रिकामे हात पाहिले. त्यांचं ठरलंच. लोरांतने तिच्या हातात पालिंका दारूचा पेला दिला. "पी. दुसरी तर दुसरी, आमची तूच आहेस!" अध्यक्षांनी पाठीवर थाप मारली. "उद्या ये हो, तबक देतो." एका म्हातारीने तर गालाचा मुका घेऊन डोळे पुसले. मी तोंड उघडलं, तशी एमोकेने माझ्या बरगडीत कोपर मारलं.

"आईला आधी सांगू द्या."

गप्प बसण्याइतकी मोठी शिक्षा मला कोणी कधी केली नाही.

रोझालियाचा हंडा चुलीवरच्या तीन पायांच्या तिकाटण्यावर लटकला होता. आमच्या कालवणात पळी घालत नाहीत. मासे मोडतात आणि काटे सगळ्या रश्शात पसरतात. कडी धरायची आणि हंडाच हलके हलके फिरवायचा. तिच्या हातचा कार्प मासा कधी मोडला नव्हता. ती फिरवत होती, मान खाली.

"बस. शेवया तयार आहेत."

"आई, का गेलीस तू?"

"सांगितलं ना. मासे."

"मासे बर्फात होते."

रोझालियाने कडी सोडली नाही. "मला काय डोळे नाहीत?" ती म्हणाली. "चेंडू बाहेर गेला की तू माझ्याकडे बघतेस. सात वेळा बघितलंस. मी समोर बसले की तुझा हात आखडतो. आज हरायचं तर हर, पण माझ्यामुळे नको. म्हणून उठले. आता खाऊन घे."

मी तिला मनातल्या मनात काय काय म्हणालो होतो, ते आठवून माझीच मला लाज वाटली.

"आई, जिंकले मी."

"हं."

"सहा-चार. खरंच जिंकले गं."

रोझालियाने माझ्याकडे बघितलं. "डेझो?"

मी मान डोलावली.

रोझालियाने शेजारच्या चुलीवरची लांब पळी उचलली, आपल्या हंड्यात घातली आणि ढवळायला लागली. गरगरा, तळापासून. डोळ्यांतून पाणी चाललेलं, तोंडाने हसते आहे, आणि हात काही थांबत नाही.

"रोझालिया!" लोरांत किंचाळला. "अगं, ढवळतेस काय! काटे सुटतील!"

"सुटू देत!" ती ओरडली. "पहिली आली माझी पोरगी! पहिली!"

मग काय सांगू? बातमी हंड्याहंड्यावरून पळत गेली. अध्यक्ष किल्ली घेऊन पुलावरून धावत सुटले. स्वतःचं उत्तम कालवण सोडून माणसं ताटल्या घेऊन आमच्या हंड्याशी आली, उठून गेल्याची माफी मागायला जेवत होती म्हणा ना. रश्शात काटेच काटे. लोरांत थू थू करत तीन वेळा मागून जेवला आणि कोणी एका शब्दाने नावं ठेवली नाहीत. एमोके बाकावर बसली होती, पट्टीचा गुडघा लांब करून. रोझालिया तिच्या ताटातले काटे एकेक काढून देत होती, एकतीस वर्षांच्या बाईला, आणि एमोके मुकाट्याने काढू देत होती.