मनगटापर्यंत न पोचलेले ठोके

"हातापायांच्या पट्ट्या पुन्हा बांधतो," मी तिसऱ्यांदा म्हणालो.

टेबलावर श्रीगोंद्याकडच्या हिराबाई होत्या. दम लागतो, धडधडतं, म्हणून दोन दिवस आमच्या नगरच्या दवाखान्यात. नाडी ठीक, ताप नाही. डॉक्टरांनी 'घाबरट स्वभाव' लिहिलं होतं. दुपारच्या एसटीनं त्या घरी जाणार होत्या. त्याआधी फक्त एक ईसीजी.

मी ईसीजी टेक्निशियन, तेव्हा नवखा. ईसीजी म्हणजे हृदयात उठणाऱ्या विजेची कागदावरची नोंद. प्रत्येक ठोक्याला एक उंच टोक, आणि टोकांमधलं अंतर सारखं. इथे दोन टोकं जवळ, तिसरं लांब, मधली रेघ थरथरलेली. मशीन बिघडलं, अशी माझी खात्री.

"मशीनबी भ्यालं व्हय माज्यावानी?" हिराबाई म्हणाल्या. "सासू म्हनती, सोंग हाय."

वॉर्डच्या सिस्टर रत्नमाला आत आल्या. राहात्याच्या, अगदी कमी बोलणाऱ्या. त्यांनी हिराबाईंचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"तू नाडी मोज. मी छातीवर स्टेथोस्कोप लावते. एकदम सुरू, एकदम बंद."

मिनिट झालं.

"ब्याण्णव," मी म्हणालो.

"माझे एकशे अठ्ठावीस."

"माझंच चुकलं असेल, सिस्टर."

"मग जागा बदलू."

बदलली. छातीवर मला एकशे सव्वीस, मनगटावर त्यांना नव्वद.

हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात, खालचे वेळीअवेळी ठोके देतात. रक्त पुरतं भरण्याआधीच पडलेला ठोका छातीत ऐकू येतो, मनगटापर्यंत पोचत नाही. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. थरथरलेली रेघ हाच आजार होता.

डॉक्टर आले. "सिस्टर, बाईंची एसटी चुकेल."

"साहेब, एक मिनिट ऐका. पूर्ण."

त्यांनी ऐकलं. मग ईसीजीची कागदी पट्टी पाहिली.

"मी पंधरा सेकंद नाडी मोजून चारनं गुणलं होतं," ते म्हणाले आणि डिस्चार्जचा कागद स्वतः फाडला. पुढच्या तपासणीत कळलं, हृदयाची एक झडप अरुंद झाली होती.

ठोक्यांचा वेग आवरणाऱ्या डिगॉक्सिनच्या गोळ्या सुरू झाल्या. नवव्या दिवशी छाती आणि मनगट यांत चारच ठोक्यांचा फरक उरला.

"बाई, ते पैले दोन आकडे चिठ्ठीवर लिहून द्या," हिराबाई निघताना म्हणाल्या. "सासूला दावते."

सिस्टरांनी लिहून दिले, खाली सहीसुद्धा केली.

याला बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात सिस्टर वारल्या. मशीनची चूक समजून मी फेकायला निघालो होतो ती हिराबाईंची ईसीजी पट्टी अजून माझ्या वहीत आहे. मशीनला दोष देण्याआधी मी पेशंटचं मनगट धरतो. पूर्ण एक मिनिट.