मठाच्या दाराशी काढलेल्या चपला

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मी सौदीतल्या जुबैलच्या एका कामगार कॅम्पवर सुरक्षा अधिकारी झालो होतो. आखाती युद्ध पेटलेलं. सायरन वाजला की तोंडावर मास्क चढवायचा, थांबला की पुन्हा शिफ्ट.

एका शुक्रवारी पहारेकऱ्याने खबर दिली. कॅम्पपलीकडे वाळूत ख्रिस्ती साधूंच्या जुन्या मठाचे अवशेष होते. तिथे आमचे दोघेजण ज्योत पेटवून शत्रूच्या विमानांना खुणा करत होते म्हणे. तेही भरदुपारी! त्यातला एक त्याने ओळखला होता, वसईचा सुतार. कॅम्पच्या मॅनेजरने त्या सुताराला माझ्यापुढे आणून बसवलं.

"हेरगिरीचा रिपोर्ट लिहा. संध्याकाळी पोलिसांच्या ताब्यात देऊ."

युद्धात असा आरोप लागलेला माणूस घरी परत जाईल याची खात्री कोणी द्यावी? पण सुतार तोंड उघडेना. दुसऱ्याचं नाव तर मुळीच सांगेना.

मी आधी घटनास्थळ गाठलं. खात्यातली सवय. छप्पर नाही, दार नाही, नुसत्या पडक्या भिंती. आत मेणाचे थेंब. दाराच्या जागेबाहेर वाळूत चपलांच्या दोन जोडांचे ठसे, नीट शेजारी-शेजारी. तिथून आत अनवाणी पावलं. वाईट कामाला आलेला माणूस पळायच्या तयारीत असतो, तो चपला काढून ठेवत बसत नाही. आपली माणसं कुठे चपला काढतात आणि मेणबत्ती कोणासाठी लावतात, हे मला कोणी शिकवायला नको.

परत येऊन सुताराला विचारलं, "घरचं कोण गेलं रे?"

त्याचा बांध फुटला. "आई, साहेब. पासपोर्ट कफीलकडे, मालकाच्या ताब्यात. मातीला जाता आलं नाही. इथे आम्हा ख्रिस्ती लोकांची तेवढीच एक जागा. मेणबत्ती लावली, बस."

तेवढ्यात रत्नागिरीचा फोरमन दार ढकलून आत आला. पाच वेळचा नमाजी माणूस. "माझ्या गाडीतून मीच त्याला तिथे नेलं, साहेब. त्याच्या आईसाठी मीपण हात उचलून दुवा मागितली. गुन्हा असेल तर माझंही नाव लिहा."

"दोघांचा इकामा खलास! इथे राहायचा परवानाच रद्द!" मॅनेजर ओरडला.

"मग तिसरा माझाही करा," मी म्हणालो. "असल्या रिपोर्टवर मी सही करणार नाही. यांना पोलिसांकडे न्याल, तर खरं काय ते सांगायला मी आधी तिथे उभा असेन."

मॅनेजर चरफडला, पण माझ्या सहीशिवाय त्याचं घोडं पुढे सरकेना. दोघेही कामावर राहिले.

उभ्या नोकरीत मी गुन्हेगार शोधत आलो. इथे गुन्हाच नाही, एवढं म्हणायला किती छाती लागते, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या शुक्रवारी भरदुपारी सुताराला घेऊन मी स्वतः मठाकडे निघालो. पहारेकरी बघत होता. बघ म्हटलं, खुशाल बघ. दाराशी थांबलो, बूट काढले आणि आत गेलो.