दगडावर राहिलेलं नाव

कारखान्याच्या कचेरीत टायपिंग करणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. काम चोख, पण स्वभाव भिडस्त. चारचौघांत कुणाला उलटून विचारायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येई.

बॉयलर फुटून अकरा कामगार गेले. वर्षभरानं फाटकापाशी त्यांच्या नावांचा दगड बसवायचं ठरलं. समितीत चौघं: फोरमन, स्टोअरकीपर, युनियनचा सेक्रेटरी आणि ताई. यादी तपासणार कोण, हे ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात फोरमन म्हणाला, "घरचंच काम आहे, सगळे मिळून बघू की!" ताईंचा प्रश्न तसाच राहिला.

सेक्रेटरीनं मृतांच्या नावांचा अपघाताच्या दिवशीचा कागद दिला. ताईंनी तो जसाच्या तसा टाइप केला. स्टोअरकीपरनं तो पाथरवटाला नेऊन दिला.

दगडावरचा पडदा सरला, भाषणं झाली, गर्दी पांगली. मग एक म्हातारी पुढे आली आणि तिनं लेकाचं नाव सांगितलं.

"बाई, मला वाचता येत नाही. माझ्या लेकाच्या नावावर माझं बोट ठेव गं."

ताईंनी नावं वरून खाली वाचली. मग खालून वर. तिचा मुलगा इस्पितळात एकोणीस दिवस झुंजून गेला होता. पहिल्या दिवशीच्या कागदावर तो नव्हताच.

क्षणभर ताईंना वाटलं, ठेवावं बोट कुठल्याही नावावर. हिला काय कळणार? पण हात उचलवेना.

"राहिलंय, आजी," त्या म्हणाल्या.

म्हातारीनं बोट मुठीत मिटून घेतलं आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत जो तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही पाहिलंय."

"मला तसं वाटलं नव्हतं," ताई म्हणाल्या. "विचारायचं होतं. मी विचारलं नाही." मग त्यांनी कागद ओढला, एकेक काम लिहिलं, प्रत्येकापुढे एकेकाचं नाव घातलं आणि सह्या घेतल्या. 'यादी तपासणे' यापुढे स्वतःचं लिहिलं. नावं पडताळायला अकराही घरी त्या स्वतः जाऊन आल्या.

दगडावर पुरेशी जागा उरली नव्हती. अकरावं नाव तळाशी, बारीक अक्षरांत कोरावं लागलं. ताई म्हातारीला न्यायला गेल्या.

"तू पाहिलंस ना? मग झालं," ती म्हणाली. "माझे पाय आता तिकडे वळत नाहीत."

ताई मात्र दर महिन्याला तिच्याकडे जात राहिल्या. म्हातारी चहा करी, लेकाच्या लहानपणच्या खोड्या सांगे. दगडाचा विषय दोघींनीही पुन्हा काढला नाही.