कार्डातले काठ

कॉम्प्युटरच्या पडद्यावर मंगळवारी दुपारी हिरव्या रेघा उमटल्या, बुधवारी त्यांची जाळी झाली आणि गुरुवारी पडदा काळा पडला. कुशाबा परब तिन्ही दिवस त्याच्यासमोर स्टुलावर बसून होते. चौथ्या दिवशी सून कामावरून आली तशी ते म्हणाले, "सुचित्रा, ह्येका काय झाला बघ गो."

सुचित्रा परळच्या एका शाळेच्या ऑफिसात कारकून होती. कागदाचं, मशीनचं, कुणाचंही अडलं की काळाचौकीच्या त्या दोन खोल्यांत तिचंच नाव निघायचं. तिने चाळीखाली दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या हेरंबला वर बोलावलं. त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला, धूळ फुंकली, आतून तळहाताएवढी एक हिरवी पट्टी उपसली आणि म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड गेलं. पूर्ण डेड. नवीन बसवावं लागेल. पण मशीन तेरा वर्षांचं आहे वहिनी, कुठलंही चालणार नाही." त्याने एका पाकिटाच्या पाठीवर लिहून दिलं: डबा अरुंद, म्हणून कार्ड निम्म्या उंचीचं हवं. वेगळी पॉवरची वायर लागणारं नको. आणि जुन्या मॉनिटरसाठी निळं सॉकेट.

"बाबा पत्तेच तर खेळतात," सुचित्राचा नवरा वैभव म्हणाला. "मोबाइलवर पण पत्ते असतात. देऊन टाकू हा डबा भंगारात."

"मोबाइल नको," त्याची आई शांता आतून म्हणाल्या. "मोबाइल घेऊन सगळो दिवस माझ्या पायात फिरतील. त्या कोपऱ्यात बसतत ता बरा."

कुशाबांच्या कानात यातलं काहीच शिरलं नाही. ग्राफ आणि कार्ड हे दोनच शब्द त्यांनी ऐकले होते.

कुशाबा गिरणीत कार्डं पाडायचे. साड्यांच्या आणि धोतरांच्या काठांची नक्षी आधी ग्राफच्या कागदावर यायची, एकेक घर तांबड्या रंगाने भरलेली. ती समोर ठेवून ते पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं पाडत. भरल्या घराला भोक, रिकाम्या घराला नाही. आडव्या एका धाग्याला एक पट्टी, तिलाच कार्ड म्हणत. अशी तीनचारशे कार्डं दोरीने ओवून साच्यावर, म्हणजे मागावर, चढवली की काठात रुईफुलं नाहीतर मोर चालायला लागत. कागद मागाहून फाटो, उंदीर खावोत, कुणी विचारत नसे. नक्षी असायची ती कार्डात. कार्डं गेली की काठ गेला. गिरणी बंद झाली तेव्हा कार्डांच्या माळा पोत्यांत भरून रद्दीत दिल्या, आणि त्या पोत्यांची तोंडं कुशाबांनीच शिवली होती.

पुढची वीस वर्षं त्यांनी हिंदमात्याला एका दुकानात साड्यांच्या घड्या घातल्या. काठ दिसला की उलटा करून मागचे धागे बघायची सवय काही जाईना. मालक म्हणायचा, "परब, साडी विकायची आहे, तपासायची नाही."

दोन वर्षांपूर्वी भजनी मंडळाची हजेरी मांडायला सुचित्राने त्यांना एक्सेल शिकवलं. पडद्यावर चौकोनच चौकोन. कुशाबा बघतच राहिले. "अगो, हो तर ग्राफ!" ती हसून "हो, तसंच" म्हणाली आणि कुकर बंद करायला गेली. तोवर त्यांचा उजवा हात कापायला लागला होता. कागदावर रंग भरायला घेतला की तो घर सोडून बाहेर जायचा. इथे हात कितीही कापला तरी रंग घराबाहेर जात नव्हता.

तेव्हापासून रोज दुपारी, शांता आडव्या झाल्या की, ते आठवून आठवून काठ भरत होते. एकवीस झाले होते. शांता उठून विचारायच्या, "लागलो डाव?" ते म्हणायचे, "लागतोय." वैभवला सांगायला हरकत नव्हती, पण जेवताना एकदा गिरणीचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला होता, "बाबा, गिरणी आता पुरे." वाईट वाटावं म्हणून बोलला नव्हता, पण कुशाबांनी ते मनात ठेवलं होतं.

आता हेरंब म्हणत होता, कार्ड डेड.

"दुरुस्त नाय व्हायचं?"

"ह्याला कोण हात लावणार काका? टाकून द्या."

कुशाबांनी ती पट्टी त्याच्या हातातून घेतली आणि धुतलेल्या रुमालात गुंडाळली.

शनिवारी सासरे-सून कार्ड घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेले. पहिल्या दुकानात तीन पंख्यांचं एक जाडजूड कार्ड त्यांच्यासमोर आलं. "हे घ्या, पाच वर्षं बघायला नको." सुचित्राने पर्समधून शिवणाची टेप काढली, कार्डाला लावली आणि म्हणाली, "हे बसवायचं तर डब्याचं झाकण कायमचं उघडं ठेवावं लागेल. मग सासूबाई त्या तापलेल्या कार्डावर भाकऱ्या भाजतील."

दुसरं दुकान अवधूत नावाच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या माणसाचं होतं. त्याने पाकिटाची पाठ दोनदा वाचली आणि दोन कार्डं पुढे ठेवली. "हे लहान. पंखा नाही, आवाज नाही, निळं सॉकेट आहे. हे दुसरं ताकदीचं, पण मॉनिटरला मधे कन्व्हर्टर लागेल, आणि तुमच्या पॉवर सप्लायची मी खात्री देणार नाही. वापर काय आहे त्यावर ठरवा. करता काय कॉम्प्युटरवर?"

"पत्ते," सुचित्रा म्हणाली. "आणि कधीतरी लाइटबिल."

कुशाबांनी रुमाल काउंटरवर ठेवला आणि गाठ सोडली. "ह्याचा रिपीट काढून मिळेल?"

"काय काढून?"

"रिपीट. जुनी कार्डं झिजली की आम्ही रिपीट काढायचो. ह्याच्यातलं सगळं नव्या कार्डात उतरवायचं. मग हे फेकलं तरी चालेल."

"काका, ह्याच्यात उतरवण्यासारखं काही नसतं."

"नसतं कसं? कार्डात नाय तर कुठे असतं?"

आवाज एवढा चढला की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. लग्न होऊन आल्यापासून सुचित्राने सासऱ्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. तिने त्यांच्या दंडाला हात लावला. "बाबा, काय आहे ह्याच्यात?"

"काठ."

"कसले काठ?"

"गिरणीतले. एकवीस आहेत. बाविसावो अर्धो." ते काउंटरच्या काचेकडे बघत बोलत होते. "मी पत्ते खेळत नाय गो. माका पत्ते येतच नाय."

सुट्टीच्या दिवशी वाळलेले कपडे काढून आणताना सुचित्रा किती वेळा त्यांच्या पाठीमागून गेली होती. पडद्यावर लाल-हिरवं काहीतरी दिसायचं. तिला वाटायचं, बदाम आणि किलवर.

अवधूतने चष्मा खाली घेतला. "काका, तुमचे काठ सुखरूप आहेत. डब्यात वेगळी डिस्क असते, ते तिच्यात. हे कार्ड फक्त पडद्यावर दाखवायचं काम करतं. दाखवणारा आजारी पडलाय, माल गोदामात आहे."

"मग ह्येका कार्ड कित्याक म्हणतत?"

"ते मला पण माहीत नाही," अवधूत म्हणाला.

कुशाबांचा विश्वास बसला नाही. साचा चालल्याशिवाय कुणाच्या तोंडाकडे बघून कापड मोजायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण आवाज खाली आला.

"बाबा, मोठंच घेऊ या," सुचित्रा म्हणाली. तिला त्या क्षणी दुकानातलं सगळ्यात मोठं कार्ड घ्यावंसं वाटत होतं. "रंग छान दिसतील."

"एका काठाला रंग तीन. फार तर चार." कुशाबांनी लहान कार्ड उचललं. त्याच्या कडेच्या सोनेरी दातांवरून अंगठा फिरवला, मग ते जुन्यावर ठेवून उजेडात धरलं. दाताला दात बसला. "साच्याला झेपत नाय ता कार्ड चढवूचा नाय. धागे तुटतत. हेच दे बाबा."

जुनं कार्ड मात्र त्यांनी दुकानात सोडलं नाही. पुन्हा गाठ मारून घेतली.

हेरंबने संध्याकाळी नवं कार्ड बसवलं. पडदा उजळला. कुशाबा स्टुलावर बसले नाहीत. सुचित्रा खुर्ची ओढून बसली, ते तिच्या खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. तिने "भजनी मंडळ हजेरी" उघडलं. पहिल्या पानावर नावं, वार, बरोबरच्या खुणा. याच्यापुढे ती कधी गेलीच नव्हती. खाली पानांची ओळ लांबच लांब होती. तिने दुसऱ्यावर बोट दाबलं आणि सगळ्या पडद्यावर रुईफुलं उमटली.

"हा," कुशाबा म्हणाले. एवढंच. मग खुर्चीची पाठ सोडून त्यांनी तोंडावरून हात फिरवला.

तिसऱ्या पानावर करवतीच्या दातांचा काठ होता, चौथ्यावर एकमेकांकडे पाठ केलेले मोर. शांता पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "ह्या कोणाचा लुगडा?" वैभव दारात उभा राहून बघत होता. आठव्या-नवव्या पानाला तो आत आला आणि वाकून म्हणाला, "बाबा, सांगायचं तरी."

"पुरे झाल्यावर सांगूचाच होता."

सुचित्रा शेवटच्या पानावर आली. वेल होती, पानांची, मधून कळ्या. अर्ध्यावर वेल थांबली होती. पुढे नुसती रिकामी घरं.

"हा इथे का थांबलाय?"

"पुढचा आठवत नाय. कळी उजवीकडे वळता की डावीकडे."

सुचित्रा खुर्चीवरून उठली. कुशाबा बसले, माउसवर उजवा हात ठेवला आणि तो कापू नये म्हणून वर डावा ठेवला. बराच वेळ ते त्या वेलीकडे बघत राहिले. मग त्यांनी उजवीकडचं एक घर तांबडं केलं.

"आठवलं?" वैभवने विचारलं.

"नाय," कुशाबा म्हणाले. "पण बघूया, कशी दिसता."