दुपट्टा टाकलेली सीट

भूतखेत, करणी, बाहेरची बाधा... यातलं मी काहीच मानत नाही. आजही मानत नाही, हे आधीच सांगून ठेवते. कमेंटमध्ये कृपया उतारे सुचवू नका.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना तपासणीसाठी काटोलहून नागपूरला न्यायचं होतं. ठरवलेली गाडी ऐनवेळी आली नाही, म्हणून सकाळची एसटी. डॉक्टरांनी बजावलं होतं – धक्का लागून पडले तर पुन्हा ऑपरेशन. माझा जीव नुसता टांगणीला लागलेला.

बस लागली की आमच्याकडे खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात. मीही ओढणी टाकली. बाबांना हळूहळू चढवून आत नेलं, तर ओढणी वरच्या रॅकवर आणि सीटवर एक धडधाकट इसम पाय पसरून मोठ्या आवाजात रील्स बघतोय.

"दादा, ओढणी माझी होती. पेशंट आहे सोबत."

"ओढणीनं सीट होते काय मॅडम? मी बसलो ना आधी. काहून तमाशा करून राहिल्या?"

आजूबाजूचे सगळे एकाएकी खिडकीबाहेर बघायला लागले. माझं डोकंच सणकलं. मागच्या सीटवर खिडकीशी एक म्हातारी होती आणि तिच्या शेजारी नुसता पांढरा दुपट्टा, गावाकडचे म्हातारे खांद्यावर टाकतात तसा. एवढ्या गर्दीत तिथे कोणी बसत नव्हतं. माझ्या ओढणीला मान नाही, तर या दुपट्ट्याला कशाला? मी तो उचलून दांडीवर टाकला आणि बाबांना बसवलं.

"तिथं नको बसवू वं माय," म्हातारी म्हणाली. "आमचे मालक हायेत."

"कुठे आहेत? आले की बघू."

बस सुटली. कोणी आलं नाही. गर्दीने मला पुढे रेटलं, तरी मी वळून वळून बाबांकडे बघत होते. त्यांच्या सीटलगत, उभ्यांच्या वाटेत, माणूसभर जागा मोकळी होती. चला, कोणाला तरी अक्कल आहे म्हणायची, असं वाटून मला बरं वाटलं.

कळमेश्वरला म्हातारी उठली. दुपट्टा घडी करून खांद्यावर टाकला आणि त्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाली, "चला." उतरली मात्र एकटीच. मला हसूच आलं. पण लगेच ती जागा भरली आणि माणसं बाबांच्या अंगावर रेलायला लागली. मी घुसत जाऊन त्यांना खिडकीशी सरकवलं.

"तो धोतरवाला उतरला काय?" बाबांनी विचारलं.

"कोण?"

"इथंच उभा होता ना. सगळी लोटालोट त्यानं आपल्या पाठीवर घेतली. मी म्हटलं, तुमची सीट हाय गा, बसा. तर म्हणे, 'तुम्ही बसा भाऊ. माहं आता काय दुखते?'"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला बोलू?

आई म्हणते, एखाद्याला धोतर दान कर. नाही करणार. भाऊ म्हणतो, बाबा गोळ्यांच्या गुंगीत होते. असतील... पण मी तर गुंगीत नव्हते, आणि ती मोकळी जागा मी बघितली आहे. ती कशी राहिली ते मला आजही सांगता येत नाही. लोक मला त्याचंच स्पष्टीकरण मागतात. काठी टेकत उभ्या असलेल्या माझ्या बाबांसमोर तो रील्सवाला बसून राहिला, त्याचं मात्र कोणीच मागत नाही.